खाऱ्या पाण्याचं वाक्य

मुरबे
९ मे १९९४

प्रिय कमलाकांतदादास, नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तुमचा ‘चालती गाडी’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम बघून खरं मत कळव, असं तू लिहिलं आहेस. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे रविवारी सकाळी पहिली पाळी असली की कार्यक्रम बुडतो. तरी तीन भाग पाहिले आहेत.

तुमच्या गाडीचा प्रत्येक बोल्ट पहिल्या हिसक्यात सुटतो. मी मेंटेनन्सला लागून दोन वर्षं झाली. असा बोल्ट माझ्या वाट्याला अजून आलेला नाही. बोल्ट गंजलेला असतो, पान्हा घसरतो, मग रॉकेल सोडून वाट बघावी लागते. दुरुस्तीतला बराच वेळ वाट बघण्यातच जातो आणि तोच नेमका तुमच्याकडे नसतो. दुसरं असं की निवेदकाला गाडी का बंद पडली ते आधीच ठाऊक असतं. तो सरळ बिघडलेल्या भागाकडे जातो. बिघाड शोधायचा कसा, हे खरं शिकवायला हवं. ते तीन भागांत एकदाही आलं नाही.

ब्रेकचा भाग मात्र धोक्याचा होता. ऑइल बदललं आणि पुढच्या दृश्यात गाडी रस्त्यावर. नळीत अडकलेली हवा काढायची असते, ते कुठेच दाखवलं नाही. हे बघून कुणी घरी तेवढंच केलं, तर पाय दाबल्यावर पेडल सरळ खाली जाईल आणि गाडी थांबणार नाही.

बोईसरला कॉलनीत माझ्या मैत्रिणीकडे केबल आहे. त्यावर परदेशी गाड्यांचा कार्यक्रम लागतो. त्यात गाड्या पळतात, उडतात, पण बॉनेट कुणी उघडत नाही. त्या मानाने तुमचं बरं आहे.

मुरब्यात चारचाकी फारशा नाहीत, तरी रविवारी आमची ओटी माणसांनी भरलेली असते. इथल्या बहुतेक बोटींवर जुन्या लॉरीचंच इंजिन बसवलेलं आहे, म्हणून सगळे बघतात. आमचे बंधुराज जानू टीव्हीच्या पुढ्यातून हलत नाहीत. शेजारच्या गोदूबाई, नवरा गेल्यापासून बोटीचा कारभार त्या स्वतः बघतात, त्यांनी निवेदकाचा पांढरा शर्ट बघून विचारलं, “याच्या हाताला वंगण कसं नाय लागत? याची बायको नशिबाची हाय.” 

आईचे तुला आशीर्वाद. बाबा बरे आहेत.

चंद्रकांता


गोरेगाव, मुंबई
२० मे १९९४

चि. चंद्री हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी निर्मात्यांना वाचून दाखवलं. ‘एक इंजिनिअर’ एवढंच सांगितलं, माझी आतेबहीण आहे हे सांगितलं नाही. ते हसले. म्हणाले, लोकांना गाडी चालू झालेली बघायची असते, बोल्ट बघायचा नसतो. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की हातात राहतं किती? रॉकेल सोडून वाट बघत बसलो तर लोक उठून आंघोळीला जातील.

पण ब्रेकचं तू लिहिलंस ते त्यांना लागलं. पुढचा एक भाग इंजिन थंड ठेवण्यावर आहे. त्याचा मजकूर तू लिहून पाठवशील का? संहिता मी करतो, माहिती तुझी. श्रेयनामावलीत ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून तुझं नाव घालू. आतोबांना अभिमान वाटेल. आत्या तर सगळ्या आळीला बोलावेल.

मला यातलं काही कळत नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी आतोबांनी एकदा बोटीवर नेलं होतं, खाडीच्या तोंडाशीच ओकलो. तेव्हापासून मी कोरड्या जागीच असतो. या मालिकेनंतर दुसरी मालिका होणार आहे आणि तिचं लेखन पूर्ण माझ्याकडे देऊ, असं बोलणं चालू आहे. तेव्हा हा भाग चांगला व्हायला हवा.

तुझा,
कमलाकांतदादा


मुरबे
३० मे १९९४

प्रिय कमलाकांतदादास, नमस्कार.

मजकूर सोबत जोडला आहे. तुला समजावा म्हणून मुख्य गोष्ट इथे पुन्हा लिहिते.

गाडीच्या इंजिनात पाणी फिरत असतं. ते रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येतं. पाण्याच्या वाटेवर वाटीएवढी एक झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना ती पाणी अडवते आणि इंजिन लवकर गरम होऊ देते. आपल्याकडचे पुष्कळ मिस्त्री ती काढून टाकतात. त्यांना वाटतं, आपला देश उष्ण, इंजिन जितकं गार तितकं चांगलं. तसं नसतं. इंजिन गार राहिलं तर डिझेल जास्त जळतं आणि ऑइल लवकर खराब होतं. म्हणून काढलेली झडप परत बसवावी. हा या भागाचा मुद्दा आहे.

शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं आहे. ते असं: ‘हे फक्त रेडिएटर आणि गोडं पाणी असलेल्या वाहनांसाठी आहे, बोटीवर बसवलेल्या लॉरीच्या इंजिनात समुद्राचं पाणी थेट फिरतं, तिथे ही झडप बसवू नये.’ कारण खारं पाणी फार तापलं की त्यातला क्षार आत चिकटतो, पाण्याच्या वाटा बुजतात आणि इंजिन जाम होतं. बोटींवर ती झडप नसते ती यासाठीच. वेळ कमी पडला तर दुसरं काहीही काप, हे वाक्य कापू नकोस.

माझं नाव घालू नये. कारखान्याची परवानगी लागेल आणि ती मला मागायची नाही. घरीही मी सांगितलेलं नाही.

चंद्रकांता


गोरेगाव, मुंबई
१ जुलै १९९४

चि. चंद्री हिस आशीर्वाद.

गेल्या रविवारी आपला भाग लागला. बघितलास ना? आतापर्यंतचा सगळ्यात चांगला भाग, असं निर्मातेच म्हणाले. निवेदकाने झडप हातात धरून कॅमेऱ्याजवळ नेली, गरम पाण्यात टाकून ती उघडताना दाखवली. ती कल्पना माझी. प्रेक्षकांची पत्रं यायला लागली आहेत. नगरच्या एका टॅक्सीवाल्याने लिहिलं आहे की त्याने दुसऱ्याच दिवशी झडप बसवली.

दुसऱ्या मालिकेचं जवळजवळ नक्की झालं आहे. तुझे उपकार मी विसरणार नाही. आतोबांना भाग कसा वाटला ते कळव.

तुझा,
कमलाकांतदादा


मुरबे
१२ जुलै १९९४

प्रिय कमलाकांतदादास, नमस्कार.

मी भाग पाहिला नाही, त्या रविवारी पहिली पाळी होती. बाबांना भाग फार आवडला. त्याचं काय झालं ते लिहिते.

सध्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आहेत. पावसाळ्याच्या या दोन-अडीच महिन्यांतच इथे इंजिनं उघडतात, साफ करतात, नवीन भाग घालतात. शुक्रवारी मी घरी होते. जानू बोईसरहून एक लहान खोका घेऊन आला आणि बाबांना दाखवायला लागला. आत थर्मोस्टॅट होता. आपल्या बोटीसाठी. गोदूबाईंनी आणलाय, पलीकडच्या हरेश्वरने आणलाय, आणखी एका बोटीत बसवूनही झालाय. दुकानदार म्हणाला म्हणे, मुरब्याची माणसं एकदम शहाणी झाली.

मी जानूला सांगितलं की आपल्या इंजिनात समुद्राचं पाणी फिरतं, त्यात हे बसवायचं नाही. तो म्हणाला, टीव्हीवर दाखवलं. मी म्हटलं, ते गाडीसाठी. तो म्हणाला, इंजिन लॉरीचंच आहे, वर नंबरही तोच कोरलेला आहे. मी म्हटलं, कार्यक्रमात शेवटी बोटीचं वेगळं सांगितलं असेल. ओटीवर बसलेल्या सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. उलट निवेदक म्हणाला होता की झडप काढून टाकणारे मिस्त्री अडाणी असतात. ‘अडाणी’ हा शब्द मी लिहिला नव्हता. तो शब्द लोकांच्या मनाला लागला आहे. इथल्या पहिल्या मिस्त्रीपासून सगळ्यांनी झडप काढूनच इंजिनं बसवली आणि आता त्यांना त्याची लाज वाटते.

बाबा एवढंच म्हणाले, “चंद्रे, तो मुंबईचा माणूस सगळ्या देशाला सांगतो. तू आमाला एकट्यांना सांगतेस.”

मजकूर माझा होता हे मी बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, मग तिथे बसवा सांगतेस आणि घरी नको सांगतेस.

नारळी पौर्णिमा एकवीस ऑगस्टला आहे. त्या दिवशी पूजा होऊन बोटी समुद्रात जातील. तेव्हा समुद्र अजून पुरता शांत झालेला नसतो. एकेका बोटीवर सहा माणसं असतात. किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन जाम झालं तर ती वाऱ्यावर जातात. आमच्या बोटीवर जानू असेल.

मला दोन गोष्टी कळव. माझं वाक्य कार्यक्रमात आलं होतं का? आणि गेलं नसेल, तर पौर्णिमेच्या आत दुरुस्ती सांगता येईल का?

चंद्रकांता


गोरेगाव, मुंबई
२० जुलै १९९४

चि. चंद्री हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. तुझं वाक्य कार्यक्रमात आलं नाही, हे खरं आहे. निर्मात्यांनी शेवटच्या क्षणी काढलं. वेळ संपला होता आणि प्रायोजकाचा मजकूर घालायचा होता. ते म्हणाले, गाड्यांच्या कार्यक्रमात बोट कशाला? मी पुष्कळ सांगून पाहिलं. पण संकलनाच्या टेबलावर माझं कोण ऐकतं?

दुरुस्तीचं कठीण दिसतं. प्रायोजक सुटे भाग विकतो. ‘झडप बसवू नका’ असं वाक्य त्याच्याच पैशाने बोलायचं, म्हणजे तू विचार कर. शिवाय कार्यक्रम चुकला असं कार्यक्रमानेच सांगितलं तर लोक पुढचे भाग कशाला बघतील?

तू घरचीच इंजिनिअर आहेस. नीट समजावलंस तर जानू ऐकेल. तो हट्टी असला तरी वेडा नाही.

तुझा,
कमलाकांतदादा


मुरबे
२८ जुलै १९९४

प्रिय कमलाकांतदादास, नमस्कार.

तुझ्या पत्रात एक गोष्ट जुळत नाही. निर्मात्यांनी वाक्य संकलनाच्या टेबलावर काढलं असेल तर निवेदकाने ते आधी बोललेलं असलं पाहिजे. मग ते छापलेल्या संहितेत असेल आणि तुमच्याकडे चित्रितही झालेलं असेल. तसं असेल तर नुसतं ते दृश्य पुढच्या भागात लावता येईल, नवीन काही करावं लागणार नाही. ते तुमच्याकडे आहे का? मी रागाने विचारत नाही. दृश्य आहे की नाही, एवढं कळलं म्हणजे पुढचं ठरवता येईल.

इथे गोष्ट पुढे गेली आहे. जानूने परवा इंजिन चालवून बघितलं. बोट किनाऱ्यावर असताना पाण्याच्या नळ्या ड्रममध्ये सोडतात आणि ड्रम विहिरीच्या पाण्याने भरतात; विहीर जवळ आहे, खाडी लांब. दुपारभर इंजिन चाललं. आवाज स्वच्छ, धूर कमी, डिझेलही कमी लागलं. अर्धा गाव बघायला उभा होता. जानूने मला हाक मारून विचारलं, “काय इंजिनीअरबाय, जाम झालं काय?” लोक हसले. हरेश्वर सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याची बोट गावात सर्वांत मोठी आहे, तो दूरवर जातो.

विहिरीच्या पाण्यावर ते इंजिन चांगलंच चालणार. मजकुरात तेच लिहिलं होतं. 

आमच्या घरात बायका बोटीवर चढत नाहीत. कारखान्यातले पंप, कॉम्प्रेसर मी रोज उघडते, पण घरातलं हे एक इंजिन मी अजून हाताळलेलं नाही. तेव्हा झडप काढायची तर जानूनेच काढली पाहिजे, आणि त्याला ती काढावीशी वाटली पाहिजे. ड्रम मात्र जमिनीवर असतो. त्याला हात लावायला मला कुणाची मनाई नाही.

चंद्रकांता


गोरेगाव, मुंबई
४ ऑगस्ट १९९४

चंद्री,

दृश्य नाही. ते वाक्य निवेदकाकडे पोचलंच नाही. संहिता टाइप करायला देताना मीच काढलं. शेवटच्या पानावर प्रायोजकाच्या चार ओळी बसत नव्हत्या. मला वाटलं, गाडीचा कार्यक्रम बघून बोट कोण दुरुस्त करतंय. ‘अडाणी’ही माझंच. वाक्याला जरा जोर आला.

तू असंच काहीतरी ओळखलं होतंस, म्हणून दृश्याचं विचारलंस. सरळ विचारलं असतंस तरी चाललं असतं.

निर्मात्यांशी आज बोललो. नाही म्हणाले. ड्रमचं काय करणार आहेस ते कळव.

कमलाकांत


मुरबे
१३ ऑगस्ट १९९४

प्रिय कमलाकांतदादास, नमस्कार.

काल शुक्रवार होता. सकाळी मी शालूवहिनीला सांगितलं की ड्रम खाडीच्या पाण्याने भरायचा आहे. का, ते तिने विचारलं नाही. नवरा त्याच बोटीवर जाणार आहे, तिने महिनाभर सगळं ऐकलेलं होतं. आम्ही दोघींनी हंडे उचलले. तिसऱ्या खेपेला गोदूबाई आल्या, त्यांच्यामागून आणखी बायका. जानू म्हणाला, गोड्या पाण्याला काय झालं? गोदूबाई म्हणाल्या, “तुजी बोट विहिरीत चालते काय रे?” मग त्याने नळ्या ड्रममध्ये सोडल्या.

इंजिन संध्याकाळपर्यंत चालवलं. मी कारखान्यातला तापमापक आणला होता, तो नळीला लावून ठेवला. दुपारनंतर बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक व्हायला लागली. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बाबांनी दाखवली. जानूने इंजिन बंद केलं, निवल्यावर झाकण खोलून झडप काढून आणली आणि माझ्या हातात दिली. तिच्यावर आणि झाकणाच्या आतून पांढरा थर बसला होता, नखाने निघेना असा. जानूने तो पान्ह्याच्या टोकाने खरवडून जिभेला लावला. नंतर परत बोटीवर चढला आणि झडपेशिवाय झाकण बसवून आला. गोदूबाईंनी आपल्या बोटीवरच्या माणसाला झडप काढायला तिथल्या तिथे पिटाळलं. जिच्यात आधीच बसवून झाली होती, त्या बोटीचीही आज सकाळी निघाली.

हरेश्वर राहिला. काल तो दुपारपासून तिथे उभा होता. तो म्हणाला की ड्रममधलं तेच ते पाणी फिरत होतं, तापत होतं, वाफ होऊन आटत होतं. आटलं की मीठ घट्ट होणारच. समुद्र काय आटतो? समुद्राचं पाणी एकदा आत येतं आणि बाहेर जातं.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याला सगळ्यांसमोर तसं सांगितलं: ड्रममध्ये थर लवकर आणि जाड बसतो, समुद्रात त्याला जास्त दिवस लागतील, पण बसेल. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. दुसरं ऐकायला हरेश्वर थांबला नाही. जाताना म्हणाला, “टीवीवाल्यानं घालायला सांगितला. टीवीवाला सांगंल तवाच काढीन.”

घरी आल्यावर शालूवहिनी म्हणाली, तू गप्प राहिली असतीस तर त्याचीही निघाली असती. असेल. पण त्याने नेमका प्रश्न विचारला होता.

आता एकच बोट उरली आहे. तीच सर्वांत लांब जाते आणि सर्वांत उशिरा परतते, म्हणजे थर बसायला तिला पुरेसे दिवस मिळतील. हरेश्वरची आई इंदुबाई आमच्याकडे टीव्ही बघायला येतात. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हातात उपाय नसताना सांगून त्यांना नुसती भीती वाटेल.

तुझ्याकडे शेवटचे दोन रविवार आहेत, चौदा आणि एकवीस. चौदाचा भाग एव्हाना तयार असेल. एकवीसचं काही करता येईल का? तुझी दुसरी मालिका त्यात अडकलेली आहे हे मला समजतं. समजून विचारते आहे.

चंद्रकांता


गोरेगाव, मुंबई
१७ ऑगस्ट १९९४

चि. चंद्री हिस आशीर्वाद.

शेवटच्या भागात प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं आहेत. निवेदक मी दिलेली कार्डं वाचतो. काल चित्रीकरण झालं. मी तुझं वाक्य शब्दाला शब्द उतरवून एक कार्ड मधेच घातलं, वर ‘मुरबे येथील प्रेक्षकांसाठी’ असं लिहिलं. त्याने वाचलं. त्याला यात काही वेगळं वाटलं नाही. तो काहीही त्याच सुरात वाचतो. संकलनाला मी स्वतः बसलो. निर्माते गावाला गेले आहेत, रविवारी घरी बसून बघतील.

सोमवारी मला बोलावणं येईल. दुसरी मालिका माझ्याकडे राहील असं वाटत नाही. ते असू दे.

एकवीसला पौर्णिमेच्या गडबडीत कोण बघणार, ही शंका आहे. कुणी पाहिलं का ते मला नक्की कळव. बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खरं काय ते लिही.

कमलाकांतदादा


मुरबे
२५ ऑगस्ट १९९४

प्रिय कमलाकांतदादास, नमस्कार.

खरं ते असं. तो भाग मुरब्यात आम्ही तिघींनी पाहिला. मी रजा घेतली होती. पुरुष सकाळपासून खाडीवर बोटी सजवत होते, पोरं त्यांच्यामागे, बायका नारळीभात करत होत्या. ओटीवर मी होते आणि इंदुबाई. त्यांना खाडीपर्यंत चालवत नाही. आई भाताकडे एक डोळा ठेवून दारात उभी होती.

कार्ड शेवटाकडे आलं. निवेदकाने ‘मुरबे’चा उच्चार चुकवला, बाकी वाक्य पूर्ण वाचलं. इंदुबाईंनी गावाचं नाव ऐकून मान वर केली. मला विचारलं, तो आपल्याला काय सांगतो? मी त्यांना झडप म्हणजे काय, ती बोटीत असली तर काय होतं, हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “आमच्या बोटीत हाय ती?” मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, “मना उठव.”

दुपारच्या भरतीला बोटी सुटणार होत्या, तोवर वेळ होता. माझ्या खांद्याला धरून त्या खाडीपर्यंत आल्या. वाटेत दोनदा बसल्या. हरेश्वर बोटीला झेंडू बांधत होता. आईला बघून तो पाण्यातून चालत वर आला. तिथे काय बोलणं झालं ते सगळं लिहीत नाही. इंदुबाईंनी त्याला सांगितलं की टीव्हीवाल्याने गावाचं नाव घेऊन सांगितलं, मी माझ्या कानाने ऐकलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांगितलं. त्याने हार तसाच ठेवला, माणसाला पान्हा आणायला धाडलं आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की टीव्हीवर आलं म्हणून काढतो, चंद्रीनं सांगितलं म्हणून नाही. जानू पुढे व्हायला लागला, त्याला बाबांनी धरलं. मला हरेश्वरच्या बोलण्याचं वाईट वाटलं. फार नाही.

झडप काढेपर्यंत भरती ओसरायला लागली होती. बाकीच्या बोटी गेल्या, हरेश्वर रात्रीच्या भरतीला निघाला. जानू मंगळवारी परत आला, हरेश्वर काल. दोन्ही इंजिनं ठीक आहेत.

म्हणजे तुझं वाक्य सहा माणसांच्या उपयोगी पडलं. त्याच्या बदल्यात तुझं काय गेलं ते तू लिहिलेलं नाहीस. सोमवारी काय झालं ते कळव. पुढचं ठरेपर्यंत इकडे येऊन राहायचं असेल तर आई खोली झाडून ठेवते म्हणते.

काल संध्याकाळी हरेश्वर आमच्याकडे आला. बोटीचा पाण्याचा पंप काढून, गोणपाटात गुंडाळून आणला होता. तो ओटीवर ठेवून म्हणाला, मधूनमधून पाणी सोडतो, बघ जरा. शालूवहिनीला राहवलं नाही. तिने विचारलं की हे टीव्हीवाल्याला का नाही दाखवत?

तो माझ्याकडे बघत म्हणाला, “ड्रमच्या वेळंला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, माजं बरोबर हाय. म्हणाली नसतीस तं कोणाला कळलं असतं?”

मग चहा न घेताच गेला. पंप ओटीवर आहे. उद्या शुक्रवार आहे, सकाळी उघडेन.

चंद्रकांता